हौद्यावरचं छप्पर, टपावरचा कॅरियर

संत्र्याच्या हंगामात कळमेश्वरकडून नागपूरच्या कळमना बाजाराला जाणाऱ्या छोट्या मालगाड्या नीट पाहाव्यात. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी क्वचितच सापडेल. कुणी हौद्याच्या फाळक्यांवर जाळी उभारलेली असते, कुणी कमानी बसवून ताडपत्री ओढलेली असते, कुणी केबिनच्या टपावर कॅरियर चढवलेला असतो. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यासाठी फायबरग्लासचं तयार टोपण विकत मिळतं. आपल्याकडे ते मोजमाप घेऊन वेल्डिंगच्या दुकानात बनतं.

पत्र्यासाठी तर कळमेश्वरकराला लांब जायलाच नको. इथल्या एमआयडीसीतला पूर्वीचा इस्पातचा आणि आताचा जेएसडब्ल्यूचा कारखाना गॅल्व्हनाइज्ड आणि रंगीत पत्राच तयार करतो. मग तोच हौद्यावर का ठोकू नये?

उत्तर वजनात आहे. 2005 साली टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, बाजारात आला तो पाऊण टन माल वाहणारी गाडी म्हणून. हौदा साधारण सव्वादोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. त्यावर सव्वा मीटर उंचीचं बंद छप्पर घालायचं, तर वरचा आणि दोन्ही बाजूंचा मिळून साडेआठ-नऊ चौरस मीटर पत्रा लागतो. पाऊण-एक मिलिमीटर जाडीचा पत्रा धरला तरी पन्नास-साठ किलो झाले. खालच्या चौकटीला एक इंची चौकोनी पाइप सत्तावीस मीटरच्या आसपास जातो, त्याचे आणखी तीस किलो. मागचं दार वेगळंच. थोडक्यात, प्रत्येक खेपेला चारेक क्रेट संत्री घरीच ठेवून निघायचं. चौरस मीटरला 200 ग्रॅमची ताडपत्री तेवढ्याच जागेवर दोन किलोंच्या आत भागते.

दुसरा मुद्दा हवेचा. तोडलेलं फळ श्वास घेतच असतं आणि स्वतःची उष्णता बाहेर टाकत असतं. दुपारच्या उन्हात बंद पत्र्याखाली ती कोंडते, आणि फळ आधीच ओलं असेल तर बुरशीला आयतंच फावतं. आंबिया बहाराच्या तोडणीत परतीचा पाऊस गाठतो, मृगाच्या तोडणीत फेब्रुवारी-मार्चातली गारपीट. त्यामुळे छप्पर नको असं म्हणायची सोय नाही. म्हणून बाजूंना जाळी, वर कमानी आणि गुंडाळून ठेवता येणारी ताडपत्री हीच रचना इथे शहाणपणाची. बंद पेटी कुरियरवाल्याला शोभते, संत्र्याला नाही.

कमानींना गॅल्व्हनाइज्ड पाइप घेतला तर गंजाची कटकट कमी, पण वेल्डिंग जपून करावं लागतं. जस्त जळालं की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेलेल्या वेल्डरला काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. म्हणून जोडाच्या जागेवरचं जस्त आधी ग्राइंडरने घासून काढायचं, काम मोकळ्या हवेत करायचं आणि जोड थंड झाला की त्यावर झिंक प्राइमर मारायचा. प्राइमर राहिला तर पहिला गंज नेमका तिथेच धरतो. वेल्डिंग गाडीवरच करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवलेली बरी; हल्लीच्या गाड्यांतलं इलेक्ट्रॉनिक्स नाजूक असतं. त्यापेक्षा चौकट खाली बनवून नट-बोल्टने कसणं केव्हाही चांगलं. पाइप आणि हौद्याची कड यांच्यामध्ये रबराची पट्टी घातली की खडखड थांबते आणि रंगही टिकतो. पहिल्या भरल्या खेपेनंतर मात्र सगळे बोल्ट पुन्हा कसायचे.

टपाचं गणित आणखी वेगळं. मागच्या शिडीवरून एसटीच्या टपावर चढणारी पोती, सायकली आणि ट्रंका अनेकांनी पाहिल्या असतील. तो भार पेलायला खाली खांब होते आणि ते खांब चेसिसपर्यंत पोचत होते. पिकअपच्या केबिनचा टप म्हणजे नुसता वाकवलेला पत्रा. त्यावर कॅरियर बसवून शेतात न्यायचे पाइप लादले की ब्रेक मारताच सगळं ओझं पुढे रेटलं जातं, आणि वजन वर गेल्यामुळे वळणावर गाडी कलते ती निराळीच. कॅरियरचे पाय टपावर न टेकवता हौद्याच्या मजबूत चौकटीवर उतरवायला हवेत.

राहता राहिला कायदा, आणि तो गॅरेजमध्ये सहसा कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. माल हौद्याच्या बाजूंबाहेर किंवा ठरलेल्या उंचीपलीकडे गेला तर दंड 20,000 रुपयांचा. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. नवी गाडी घेताना बॉडी बांधून घ्यायची असेल तर छपराचा विषय नोंदणीआधीच काढावा. जुन्या गाडीवर पत्रा ठोकण्याआधी नागपूर ग्रामीणच्या आरटीओ कार्यालयात एक चक्कर मारावी.