शेत गहाण न टाकता

“बाबा, माझ्यासाठी गावाकडचं शेत गहाण टाकायचं नाही!” लेकीने बजावले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन तिला मृदाशास्त्रासाठी अमेरिका गाठायची होती. मी शिष्यवृत्त्यांच्या याद्या धुंडाळल्या. टाटांची १८९२ पासूनची योजना सापडली. पण ती कर्जाऊ, म्हणजे फेड आलीच!

लेक म्हणाली, “पैसा यादीत नाही, प्राध्यापकांपाशी आहे.” तिकडे त्यांना संशोधनाला मदतनीस लागतात, निवड झाली की बहुधा शुल्क माफ, वर दरमहा वेतन!

तिने चाळीस प्राध्यापकांचे निबंध वाचून पत्रे धाडली. सदतीस गप्प, दोन नकार. एकाने मात्र विचारले, “खारवट माती कधी हाताळली आहे?” तिने आमच्या चोपण रानाची हकीकत कळवली.

वाचकहो, सावकारही ज्याला नाक मुरडता, त्याच रानाने तिला अमेरिकेस पोहोचवले!