36 तास, खारं पाणी
फोर्टातल्या बोरा बाजाराच्या गल्लीत एक लाकडी जिना चढून वर गेलं की आधी आयपीएचा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वास येतो. त्या सकाळी त्यात दुसरा वास मिसळला होता, ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर येतो तसा. तो टेबलावरच्या स्टीलच्या डब्यातून येत होता. डब्यात कोलम तांदूळ, आणि तांदळात गळ्यापर्यंत पुरलेला निकॉनचा डी-750.

डबा घेऊन आलेला तरुण रोह्याचा, लग्नांचे फोटो काढणारा. काशिदला प्रीवेडिंगचं शूट चालू असताना लाट आली आणि ट्रायपॉड आडवा झाला. कारागिराने कॅमेऱ्याला हात लावण्याआधी एकच विचारलं, "किती तास झाले?"

"36, काका."

"बॅटरी?"

"काढली. पण आधी चालू होतो का बघितलं. तीनदा."

काका काही बोलले नाहीत. "36," एवढंच पुटपुटत त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

कॅमेरा भिजला म्हणजे संपला, असं नसतं. ओल्या बोर्डात वीज खेळली की तांबं झिजायला लागतं. त्यात समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ, म्हणजे विजेला नको तिथून मोकळी वाट. पाणी सुकलं तरी मीठ आतच राहतं, हवेतली ओल ओढत राहतं आणि गंज चढतच जातो. तांदूळ ते मीठ काढू शकत नाही. डब्यात गेलेले तास धुलाईच्या वाट्याचे होते.

शेजारी आणखी एक कॅमेरा उघडून ठेवलेला होता, भुशी धरणावर भिजलेला. गोडं पाणी, बॅटरी लगेच काढलेली, दुसऱ्या दिवशी दुकानात. बोर्ड ब्रशने धुऊन झाला होता. एक स्विच बदलला की काम होणार होतं.

डी-750चे स्क्रू निघाले. पहिलं काम फ्लॅशचा कपॅसिटर रिकामा करण्याचं, कारण बॅटरी काढल्यावरही त्यात 300 व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो. मग वरचं कव्हर उचललं आणि तो ओहोटीचा वास खोलीभर झाला. बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवं चढलेलं, स्क्रूंच्या खाचांत पांढरं मीठ. काकांनी चिमट्याचं टोक एका कनेक्टरला नुसतं लावलं. त्याची पिन तुटून टेबलावर पडली.

हिशेबाला वेळ लागला नाही. मदरबोर्ड गेलेला, शटर अडकलेलं. मॉडेल 2014 सालचं. त्याच्या शटरची चाचणी 1,50,000 क्लिकपर्यंतची, आणि लग्नाच्या कामात त्यातले बरेचसे आधीच वाजलेले. भिजल्याचं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाहीच. खर्च सेकंडहँड किमतीच्या निम्म्यावर गेला की दुरुस्ती घ्यायची नाही, हा काकांचा नियम. इथे तो अख्ख्या किमतीच्याही वर जात होता.

तरी तरुणाने विचारलंच, "धुऊन चालू नाही होणार?"

"समज, झाला. पैसेही घेईन मी तुझ्याकडून. आणि भर मांडवात, अक्षता पडताना बंद पडला तर?"

त्या दुकानात चार पैसे सहज मिळाले असते. गरजू गिऱ्हाईक समोर होतं, ते हो म्हणायला तयार होतं. काकांनी त्याला दुसरी बॉडी बघायला सांगितलं आणि उघडून बघण्याचेही पैसे घेतले नाहीत.

मग त्यांनी एसडी कार्ड आयपीएने पुसून रीडरमध्ये घातलं. कार्डातली चिप घट्ट बंद असते, म्हणून ते पुष्कळदा वाचतं. पडद्यावर एकेक फोटो उमटू लागला: ओली वाळू, पिवळी साडी, हसणारी मुलगी. तरुण पहिल्यांदाच खुर्चीवर नीट टेकला.

"बॉडी पार्टसाठी ठेवतोस?"

त्याने मान हलवली. त्याला ती घरी न्यायची होती. "36 तास," काका पुन्हा म्हणाले, या वेळी अगदी हळू. कव्हर परत बसवण्याआधी बॅटरीच्या खणात अडकलेला तांदळाचा दाणा त्यांनी चिमट्याने अलगद काढला.