झोळीवरील ताडपत्रीस बांबूची जोड

आमच्या घाटंजी तालुक्यात रोही आणि रानडुकरे यांपासून पीक राखावयाचे म्हणजे शेतावर रात्रीची जागल आलीच. जागल करणारा घटकाभर तरी आडवा होतो, आणि पावसाळ्यात भुईवर आडवे होणे म्हणजे मण्यारीशी गाठ. हा साप रात्री हिंडतो, जमिनीवर निजलेल्यास चावतो, आणि त्याचा दंश पुष्कळदा इतका सौम्य भासतो की निजलेला जागाही होत नाही. म्हणून दोन झाडांमध्ये झोळी बांधून तीत निजणे आम्हांस फार शहाणपणाचे वाटते. (टिपेश्वर अभयारण्याच्या अगदी कडेस वाघाचा वावर असतो, तेथे झोळी कामाची नाही, उंच माळाच हवा.) सहलीस जाणारी तरुण मंडळी हिलाच ‘हॅमॉक’ म्हणतात. कॅरिबियन बेटांतील ताइनो लोकांचा हा शब्द स्पॅनिश खलाशांनी उचलला. आपल्याकडे तान्ह्या बाळास लुगड्याच्या झोळीत निजविण्याची चाल सर्वांच्या परिचयाचीच आहे.

परंतु झोळीवर ताडपत्री घातली की निराळीच अडचण उभी राहते. ताडपत्री हा शब्द ऐकून कोणास ताडाच्या पानाची आठवण होईल. वस्तुतः तो इंग्रजी ‘टार्पॉलिन’चा देशी अवतार होय. ती दोरीवर टाकून चारी कोपरे खुंट्यांस ताणले म्हणजे दोन्ही पाखी मध्यभागी आत झुकतात. झोळीत पाठ सपाट राहावी म्हणून तिरपे निजावे लागते. मग एका बाजूस गुडघे व दुसऱ्या बाजूस कोपर कापडास टेकतात. कापडाच्या आतल्या अंगास श्वासाचा दमट थर धरलेलाच असतो. अंथरूण भिजते, आणि कंटाळलेला मनुष्य अखेर खाली उतरून भुईवरच निजतो. म्हणजे पुन्हा मण्यारीचे भय.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक पाखीच्या मध्यावर आतून एक गुळगुळीत गोटा धरावा आणि बाहेरून त्याच्याभोवती कापडासकट दोरी आवळावी; भोक पाडावे लागत नाही. ही दोरी तीनचार हातांवर रोवलेल्या बांबूच्या शेंड्यावरून नेऊन पलीकडे खुंटीस ताणावी. पाखी बाहेर ओढली जाते व आत ऐसपैस जागा होते. बांबू आमच्या रानातील मानवेल जातीचा घ्यावा. तो बराचसा भरीव असतो, त्यामुळे सहसा पिचत नाही. काळ्या मातीत मात्र भिजल्यावर खांब टिकत नाहीत. येथे शास्त्रकारांचा स्थूणानिखननन्याय अक्षरशः पाळावा, म्हणजे खांब हलवून हलवून खोल बसवावा.

बाहेर जागा नसेल तर बुरडाकडून लांब कामट्या आणून, छपराच्या बैलगाडीस असते तशी कमान ताडपत्रीच्या आतून बसवावी. आमचे मत पहिल्या रीतीकडे झुकते; कामटीचे टोक सुटले तर ते निजणाऱ्याच्या अंगावर येते. पाखी फार आडवी करण्याचा मोहही टाळावा. उतार गेला की पाणी साचते, आणि एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८ किलोग्रॅम भरते.

हे बांबू केवळ कापडासाठी आहेत, हे घरातील मुलांस बजावून सांगावे. झोळी त्यांस कदापि बांधू नये. ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य झोळीत निजला आणि तिच्या दोऱ्या आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असल्या तर प्रत्येक दोरीवर ६० किलोग्रॅमचाच ताण येतो. कोन १० अंशांवर आणला की तोच ताण १७० च्या वर जातो. झोळी ताठ बांधली म्हणजे बळकट झाली, अशी समजूत असणाऱ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. एवढे ओझे निंबाच्या किंवा चिंचेच्या जिवंत खोडानेच पेलावे.

झोळीच्या दोऱ्यांस ताडपत्रीच्या आतल्या बाजूस एकेक सुताची वादी बांधून लोंबती सोडावी, म्हणजे झाडावरून दोरीने येणारे पाणी अंथरुणात न शिरता तेथेच ठिबकते. वारा वाढला तर ताणलेली पाखी शिडासारखी फुगते; अशा वेळी बाजूचे बांबू काढून ताडपत्री खाली घ्यावी. तेवढी एक रात्र गुडघ्यास कापड लागले तरी चालेल.