गिअरबॉक्स खाली उतरवताना

माझ्या जुन्या फोर्ड एफ-१५० ट्रकचा क्लच स्लेव्ह सिलिंडर दोन तळहातांवर आरामात मावतो. पण तो बदलायचा तर सायलेन्सरचा पाइप, प्रोपेलर शाफ्ट, स्टार्टर आणि ५० किलोंच्या पुढचा गिअरबॉक्स एवढं सगळं आधी खाली उतरवावं लागतं. हा सिलिंडर बाहेरून दिसतच नाही. तो बेल हाउसिंगच्या आत, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो आणि रिलीज बेअरिंग त्याच्याच तोंडावर असतं. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब थेट आत पोहोचतो आणि बेअरिंग पुढे सरकून क्लच सोडवतं. गाडी चालते तोवर ही रचना सुटसुटीत वाटते. सिलिंडर गळू लागला की मात्र गॅरेजच्या बिलात भागाची किंमत थोडी आणि मजुरीचे तास भरमसाट, असा हिशोब समोर येतो.

माझा ट्रक १९९४ चा आहे. लक्षणं सगळी ओळखीची होती. क्लचच्या बाटलीतलं ऑइल आठवड्यागणिक उतरत होतं, रिव्हर्स टाकताना गिअर करकरत होते आणि बेल हाउसिंगच्या तळाशी ओल धरली होती. इथे मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे सायलेन्सरलाही गंजून भोकं पडली होती. गिअरबॉक्स काढायला एक्झॉस्टचा पाइप सोडवावाच लागतो. तेव्हा दोन्ही कामं एकदमच आणि घराच्या आवारातच करायची, असं ठरवलं.

फोर्डची एफ-सीरिज १९४८ साली सुरू झाली आणि १९७७ पासून ती अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा पिकअप ट्रक राहिली आहे. त्यामुळे तीस वर्षांच्या जुन्या गाडीचेही सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि खास अवजारं अनामत ठेवून नेता येतात. माझ्या गाडीत ४.९ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं इंजिन आहे. फोर्डने ते १९६५ ते १९९६ इतका काळ बनवलं आणि ते यूपीएसच्या कुरियर व्हॅनपर्यंत सगळीकडे वापरलं गेलं. त्याला टायमिंग चेन नाही, गिअरला गिअर लावलेला आहे. त्याच्या मागे माझदाने घडवलेला पाच गिअरचा एम५ओडी-आर२ बॉक्स.

मदतीला एक मित्र आला. तो मूळचा इचलकरंजीचा, वडिलांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, म्हणून पाने हाताळतच लहानाचा मोठा झालेला. त्याने पहिलं काम पान्याने केलंच नाही. एक्झॉस्टच्या प्रत्येक नटावर गंज सोडवणारं तेल मारलं आणि म्हणाला, “आज फक्त एवढंच. उद्या परत मारू. गंजलेल्या नटाशी भांडून कुणाचं भलं झालेलं नाही.” सुरुवातीलाच मॅनिफोल्डचा स्टड तुटला, तर दिवसभराचं काम आठवडाभराचं होतं. तेल मुरू देण्यात गेलेला वेळ वाया गेला असं म्हणताच येत नाही.

मग गाडी उचलली. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, चाकांना ठोकळे लावले आणि चेसी चार भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवली. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. स्टँडवर ठेवलेली गाडी बाजूने जोरात ढकलून पाहायची आणि हलली नाही तरच खाली झोपायचं. उंची घेतानाही पुढचा विचार करावा लागतो. गिअरबॉक्स उतरल्यावर तो चेसीखालून बाहेर निघाला पाहिजे, त्यामुळे बेल हाउसिंगचा वरचा काठ मोजून त्या हिशोबाने उंची धरली.

आधी एक्झॉस्ट उतरला, मग प्रोपेलर शाफ्ट. मागच्या फ्लँजवर आणि शाफ्टवर रंगाची एकेक रेघ ओढून ठेवली, म्हणजे शाफ्ट पुन्हा त्याच जागी बसतो आणि थरथर येत नाही. तिथले १२ मिलिमीटरचे चार बोल्ट बाराटोकी गोटीनेच सोडवायचे, साध्या गोटीने त्यांची डोकी गोल होतात. शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्समधून सरळ ओढून निघतं, पण त्याआधी तेल काढलेलं बरं, नाहीतर ते अंगावर येतं. या गिअरबॉक्सात जाड गिअर ऑइल नसतं, ऑटोमॅटिक गाड्यांत घालतात ते पातळ लाल तेल असतं. त्यानंतर केबिनमधून गिअरचा दांडा सोडवला आणि उघड्या तोंडात माती जाऊ नये म्हणून स्वच्छ फडकं कोंबलं. रिव्हर्स लाइटची वायर, क्लचची नळी, स्टार्टर असं एकेक निघत गेलं. प्रत्येक जागचे बोल्ट वेगळ्या डबीत आणि डबीवर चिठ्ठी.

खरी परीक्षा बेल हाउसिंगच्या वरच्या बोल्टांची. ते इंजिनच्या मागे, केबिनच्या पत्र्याखाली असतात. खालून हात पोहोचत नाही आणि वरून दिसत नाहीत. इथे जोरापेक्षा युक्ती लागते. इंजिनच्या ऑइल पॅनखाली रुंद लाकडी फळी देऊन जॅकचा आधार दिला, गिअरबॉक्सला त्याच्या जॅकवर साखळीने बांधलं आणि मागचा क्रॉसमेंबर काढला. मग दोन्ही जॅक थोडे थोडे खाली घेतले. गिअरबॉक्सचं शेपूट खाली गेलं तसं इंजिन मागे कललं आणि वरच्या बोल्टांभोवती बोटभर फट पडली. त्या फटीतून शेपटाकडून एकापुढे एक एक्स्टेंशन जोडत, टोकाला वळणारा जॉइंट आणि गोटी लावून पाना आत सरकवला. गोटी बोल्टवर बसली हे डोळ्यांना दिसत नाही. दांडा हलका फिरवायचा, ती षटकोनावर टकटकते, मग एकदम गप्प होते आणि हाताला घट्टपणा लागतो. तेव्हाच जोर द्यायचा. इंजिन किती कलतंय याकडे मात्र एकाने सतत बघायला हवं, कारण मागे नळ्या ताणल्या जातात आणि पुढे पंखा टेकू शकतो. हे काम एकट्याने करू नये.

सगळे बोल्ट निघाले की गिअरबॉक्स सरळ रेषेत मागे ओढायचा. इनपुट शाफ्ट क्लचप्लेटच्या खाचांतून पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याचं वजन तिच्यावर लोंबकळू द्यायचं नाही, नाहीतर प्लेट वाकते.

गिअरबॉक्स जमिनीवर आला आणि निदान बरोबर ठरलं. स्लेव्ह सिलिंडरचं सील फाटलं होतं आणि त्याखाली काळ्या तेलाचा चिकट राप जमला होता. पण तेवढं बदलून गिअरबॉक्स परत चढवणं हा शहाणपणा नव्हता. इथवर पोहोचायला जी मेहनत गेली, ती आता आजूबाजूच्या प्रत्येक भागासाठी वसूल करायची होती. क्लचप्लेट रिव्हेटपर्यंत झिजत आली होती, ती आणि प्रेशर प्लेट बदलली. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते, म्हणजे तो तापून घासला गेला होता. त्याला मशीनशॉपमध्ये नेऊन पृष्ठभाग सरळ करून घेतला. क्रँकशाफ्टच्या टोकातलं पायलट बेअरिंग बोटाने फिरवलं तर खरखरलं, तेही नवं घातलं. इंजिनचं मागचं ऑइल सील कोरडं होतं तरी बदललं.

आणि रबराचे ते तीन प्लग. एम५ओडीच्या वरच्या झाकणाच्या मागच्या कडेला, गिअरच्या दांड्या सरकतात त्यांच्या टोकांशी, तीन छोटे रबरी प्लग असतात. या गिअरबॉक्सचा सगळ्यात कुप्रसिद्ध दोष तो हाच. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं, आक्रसतं आणि तेल बाहेर झिरपत राहतं. गिअरबॉक्स गाडीत असताना ती जागा केबिनच्या तळाला इतकी चिकटलेली असते की गळती सहज दिसत नाही. तेल कमी होत जातं, मागची बेअरिंगं कोरडी पडतात आणि एक दिवस अख्खा गिअरबॉक्स घरघरायला लागतो. आम्ही ते रबर काढलं, भोकं पुसून कोरडी केली आणि त्या जागी सीलंट लावून धातूचे प्लग ठोकून बसवले. नाण्याएवढ्या त्या तीन प्लगांवर गिअरबॉक्सचं आयुष्य अवलंबून आहे.

बसवताना क्रम उलटा, पण काळजी दुप्पट. क्लचप्लेट मधोमध धरायला प्लास्टिकचा खोटा शाफ्ट वापरायचा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळत न्यायचे. नवा स्लेव्ह सिलिंडर बसवल्यावर गिअरबॉक्स जागेवर चढेपर्यंत पेडलला पाय लावायचा नाही. समोर आधार नसताना दाब गेला, तर सिलिंडर आतून उसळून सुटतो. गिअरबॉक्स पुढे सरकवताना शेवटच्या बोटभर अंतरावर तो अडला. मित्र म्हणाला, “बोल्टने ओढून घेऊ नकोस. आधी हाताने येतोय का बघ. येत नसेल तर थांब.” गिअर टाकून गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट हाताने जरा फिरवला, आतल्या खाचा जुळल्या आणि गिअरबॉक्स इंजिनला जाऊन चिकटला. या बॉक्सचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं आहे. बोल्टच्या जोरावर ओढला तर त्याचे कान तडकतात, आणि मग नवा गिअरबॉक्स शोधायची वेळ येते.

आता एक्झॉस्ट. इथे बाजार भलतीकडे ओढतो. जाड पाइप, रिकामा मफलर, मोठा आवाज, आणि वर ताकद वाढल्याचं आश्वासन. पण हे इंजिन जोराने फिरणारं नाही. त्याची अश्वशक्ती १५० च्या आसपास, आणि कमाल टॉर्क २००० आरपीएमच्या आसपासच मिळतो. ओझं ओढणारं इंजिन ते. फार रुंद पाइप लावला, तर कमी वेगाला धुराचा प्रवाह मंदावतो, पुढच्या धुराला ओढून नेण्याची त्याची क्षमता घटते आणि नेमका खालचा टॉर्कच कमी होतो. म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागच्या जागी ठेवून त्याच्या मागे अडीच इंचाचा एकच पाइप, गाडीला शोभेल असा बंदिस्त मफलर आणि मीठ झेलणारा स्टेनलेस स्टीलचा माल घेतला. कन्व्हर्टर काढणं क्लीन एअर अ‍ॅक्टने बेकायदा आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर ही मनाई मालकाने स्वतःच्या गाडीवर केलेल्या कामालाही लागू आहे. पण कायदा नसता तरी मी तो काढला नसता. मागच्या गाडीतल्या मुलाच्या नाकात आपला धूर सोडण्याचा हक्क कुणालाच नाही.

पाइप बसवताना आधी सगळे सांधे सैल जोडले, रबरी हँगरवर टांगले, चेसीला आणि मागच्या अ‍ॅक्सलला कुठे लागत नाहीत ना ते पाहिलं आणि मग पुढून मागे आवळत गेलो. मॅनिफोल्डजवळचं गॅस्केट नवंच घालावं. तिथे बारीक फट राहिली तर हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रणात इंधन कमी असल्याचा भास होतो आणि कंट्रोल युनिट विनाकारण जास्त पेट्रोल पाठवत राहतं. शिवाय गळक्या एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो, आणि त्याला वास नसतो. इंजिन सुरू करून प्रत्येक सांध्याजवळ साबणाचं पाणी मारून बघणं हा सर्वांत साधा उपाय.

ट्रक आता पहिल्या गिअरमध्ये मऊ उठतो, रिव्हर्स आवाज न करता पडतो आणि हायवेवर केबिनमध्ये बोलता येतं. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, मग ती गाडी मिशिगनमध्ये असो की मिरजेत. दुरुस्तीत महाग असतं ते तिथवर पोहोचणं. एकदा पोहोचलात की हाताशी असलेलं प्रत्येक सील, बेअरिंग आणि प्लग तपासा, शंका असेल ते बदला आणि मगच गिअरबॉक्स वर चढवा. आणि गाडीखाली झोपण्याआधी स्टँड हलवून बघा. दर वेळी.