पगार खात्याचा, टाळ्या लीगच्या
मैदानातली भाकरी : लेखांक 7

प्रो कबड्डीने खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या हातात पैसा आणला, तसा व्हॉलीबॉलमध्ये येतो का? येतो, पण थोडक्यांच्या हातात, आणि तोही वर्षातून महिनाभर. उरलेले अकरा महिने खेळाडू कुठल्या ना कुठल्या खात्याचा नोकर असतो. भारतातल्या व्हॉलीबॉलपटूची कारकीर्द समजून घ्यायची, तर लीगआधी ही नोकरी समजून घ्यावी लागते.

सायखेड्याचंच उदाहरण घेऊ. गोदाकाठचं, निफाड तालुक्यातलं, कांदा-द्राक्षांचं गाव. दोन खांब, एक जाळी आणि फक्कीने आखलेलं 18 बाय 9 मीटरचं मैदान, एवढ्या भांडवलात खेळ सुरू होतो. शालेय स्पर्धांचा हंगाम मात्र ऐन पावसाळ्यात येतो. गोदावरी फुगली की सायखेडा आणि पलीकडचं चांदोरी, दोन्हीकडे पाणी शिरतं. तेव्हा चिखल टाळत, निसरड्या मातीवर उड्या मारत पोरं तालुक्याला जायची तयारी करतात. मग जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. ज्याला पुढे व्यावसायिक खेळायचंय, त्याला मात्र बंदिस्त सभागृहातल्या मऊ कोर्टावर उतरायचं असतं. हा फरक गुडघ्यांना आधी कळतो.

पुरुषांची जाळी 2.43 मीटर उंच असते. सहा फुटी पोराने हात वर केला तरी बोटं तिच्या वरच्या कडेपर्यंत जेमतेम पोचतात. म्हणजे स्मॅश मारायला तीन-चार पावलांची धाव घेऊन उंच उडी मारायचीच, आणि सामनाभर ती पुन्हा पुन्हा मारायची. त्यातून गुडघ्याची वाटी आणि मांडीचे स्नायू जोडणारा कंडरा दुखावतो, चेंडू मारून मारून खांदा झिजतो, ब्लॉकवरून उतरताना समोरच्याच्या पायावर पाय पडून घोटा मुरगळतो. तिशी ओलांडली की बहुतेकांना परतीची वाट दिसू लागते. बुटक्या पोरांवर 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांनी एक उपकार केला. वेगळ्या रंगाची जर्सी घालून मागेच खेळणारा, फक्त बचाव करणारा ‘लिबेरो’ तेव्हा आला. उंची नसेल पण नजर तेज असेल, तर हीच जागा धरावी.

लीगचा इतिहास धरसोडीचा आहे. 2011 मध्ये इंडियन व्हॉली लीग झाली, तीत आपला ‘मराठा वॉरियर्स’ संघ होता. ती एकाच हंगामात आटोपली. 2019 च्या प्रो व्हॉलीबॉल लीगमध्ये ‘यू मुम्बा व्हॉली’ उतरला. तिथेही पहिल्याच हंगामानंतर महासंघ आणि आयोजक यांचं बिनसलं आणि प्रकरण वादात गेलं. महासंघाला बाजूला ठेवून 2022 मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली, ती टिकली. ‘मुंबई मिटिऑर्स’ तिच्यात 2023 पासून आहे. पहिला हंगाम 5 ते 27 फेब्रुवारी, म्हणजे तीन आठवड्यांचा. त्याच्या लिलावात सर्वांत मोठी बोली 15 लाखांच्या घरातली होती. ती मोजक्यांच्या वाट्याला आली, बाकीच्यांना त्याहून पुष्कळ कमी. मुलींसाठी तर या तोडीची लीगच नाही. मला विचाराल तर आपल्या व्हॉलीबॉलवरचा हा सर्वांत मोठा डाग आहे.

परदेशी पैशावर खऱ्या अर्थाने व्यावसायिक झालेला पहिला भारतीय म्हणजे केरळचा जिमी जॉर्ज. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून तो केरळ पोलिसांत लागला, 1979 मध्ये अबू धाबीला आणि 1982 मध्ये इटलीला खेळायला गेला. 1986 च्या सोल आशियाई स्पर्धेत भारताने कांस्य जिंकलं, त्या संघात तो होता. पुढच्याच वर्षी, 30 नोव्हेंबर 1987 रोजी, इटलीत मोटार अपघातात तो गेला. वय अवघं 32. आशियाई स्पर्धेत त्यानंतर व्हॉलीबॉलचं पदक भारताला मिळालेलं नाही. 2023 मध्ये हांगझोऊला दक्षिण कोरियाला हरवून आपण खळबळ उडवली खरी, पण शेवट सहाव्या क्रमांकावर झाला.

जिमीसुद्धा आधी पोलिसांतच लागला, हे विसरू नये. रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या, प्राप्तिकर खातं यांचे संघ हेच इथल्या खेळाडूंचे खरे धनी. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात लेव्हल 2 वर लागलेल्याचा मूळ पगार 19,900 रुपयांपासून सुरू होतो. रक्कम लहान वाटेल, पण गुडघा गेला तरी ती निवृत्तीपर्यंत येत राहते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. मात्र पद जितकं वरचं, तितकी कामगिरी वरच्या पातळीची लागते.

तेव्हा सायखेड्यातल्या पालकांना एवढंच सांगणं: गावोगावच्या रोख बक्षिसांच्या स्पर्धा पोराला जरूर खेळू द्या, पण नोकरीला चषक चालत नाहीत. ज्या स्पर्धेला तो जातो तिचं प्रमाणपत्र शासनाला मान्य आहे का, हे आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, आणि भरतीची जाहिरात येण्याआधीच विभागीय उपसंचालकांकडून त्याची पडताळणी करून घ्या.

(पुढील आठवड्यात : खो-खो)