हजच्या वाटेवरचे अंथरूण
दुखरी पाठ आणि गुडघे घेऊन निघणाऱ्यांसाठी

हजच्या सामानाची यादी करायला बसले की घरातली सगळी माणसे एकदम बोलू लागतात. एहरामचे दोन जोड, कमरेचा पट्टा, बिनवासाचा साबण, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याची जादा जोडी, चटणी-लोणचे. अंथरुणाची आठवण होते ती बॅगेची चेन लागेनाशी झाल्यावर, आणि मग एखादी चादर घडी करून वर कोंबली जाते. तरुण माणसाचे तेवढ्यावर भागते. पण आपल्याकडचे पुष्कळ लोक मुलामुलींची लग्ने उरकून, निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर किंवा वर्षानुवर्षे थोडे थोडे साठवून हजला निघतात. तोवर कंबर आणि गुडघे बोलू लागलेले असतात. अशा माणसाची एक रात्र जमिनीवर बिघडली की दुसऱ्या दिवशीचे चालणे बिघडते, आणि हजमध्ये तो दुसरा दिवस अरफातचा असतो किंवा जमरातचा.

आजी-आजोबांच्या पिढीला हे सांगावे लागत नव्हते. मुंबईहून जहाजाने हजला जाण्याचे दिवस १९९५ पर्यंत होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरणाऱ्यांच्या सामानात कॅनव्हासचा बिस्तरबंद हमखास असे; गादी, उशी, रजई आत गुंडाळून वरून पट्टे आवळलेले. विमानात सामान किलोवर मोजले जाऊ लागले आणि बिस्तरबंद मागे पडला. पाठ मात्र तीच राहिली.

पाठ कुठे कुठे टेकते

मक्का आणि मदिनेच्या मुक्कामात खोलीत खाट-गादी मिळते. ती मनासारखी नसली तरी तिथे वरून रजई घालता येते, उशी बदलून मागता येते, दुपारी आडवे होता येते. खरा प्रश्न ८ जिलहज्जपासून सुरू होतो.

मिनातले तंबू १९९७ च्या भीषण आगीनंतर आग न पकडणाऱ्या कापडाचे झाले, आत थंड हवेचीही सोय आली. जागा मात्र फार थोडी. फोमच्या पातळ अरुंद गाद्या किंवा उलगडून बिछाना होणारे सोफे एकमेकांना चिकटून मांडलेले असतात. आपण कूस बदलली की शेजाऱ्याला कळते. ९ तारखेचा दिवस अरफातमध्ये जातो. सूर्यास्तानंतर मुज्दलिफा. तिथे हाजी मगरिब आणि इशा एकत्र अदा करतो आणि खडीवर, डांबरावर, जिथे जागा सापडेल तिथे उघड्या आकाशाखाली पाठ टेकतो. १० पासून १२ पर्यंत, काहींचे १३ पर्यंत, पुन्हा मिना.

म्हणजे गरजा दोन आहेत. मिनात गादी असते, पण पातळ. तिच्यावर थोडा मऊपणा हवा. मुज्दलिफात खालून काहीच नसते. तिथे खडी टोचू न देणारे, जमिनीची धग किंवा गारवा अडवणारे काहीतरी हवे. एक चांगली जाड गादी नेली की दोन्ही साधेल असे वाटते. पण बस कुठे थांबेल आणि तिथून किती चालावे लागेल हे आपल्या हातात नसते. चार पावलांनंतर जी गादी मुलाच्या किंवा शेजारच्या हाजीच्या खांद्यावर जाणार, ती आपली गादी नव्हे.

कडक की मऊ

पाठदुखीला फळीसारखे कडक अंथरूण चांगले, हा समज आपल्या घरांत पक्का बसला आहे. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना दोन प्रकारच्या गाद्या वाटून दिल्या, कुणाला कडक तर कुणाला मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची दुखणी जास्त कमी झालेली दिसली. तेव्हा ‘नुसती चटई बरी, पाठ सरळ राहते’ असे सांगणाऱ्या काकांचे आदराने ऐकावे आणि थोडा फोम घ्यावा.

किती, ते झोपण्याच्या सवयीवर ठरते. पाठीवर झोपणाऱ्याला पातळ थर चालतो. उजव्या कुशीवर झोपणे ही सुन्नत. ज्यांची ती सवय आहे त्यांचा सगळा भार उजवा खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतो. ही दोन हाडे थोडी आत रुतली नाहीत तर तासाभरात मुंग्या येतात. कुशीवर झोपणाऱ्याला म्हणूनच जास्त जाडी लागते, आणि अंगाने किरकोळ माणसापेक्षा भारी माणसाला जास्त.

दुकानातच एक साधी परीक्षा करता येते. अंथरुणावर उताणे पडावे आणि कमरेच्या पोकळीत हात सरकवावा. हात सहज आरपार जात असेल तर अंथरूण फार कडक आहे, शिरतच नसेल तर फार मऊ. थोडा अडत सरकला की ठीक. बायकांना दुकानात आडवे व्हायला संकोच वाटतो. मग नमुन्याचा तुकडा घरी न्यायची अट घालावी. ओळखीचा दुकानदार नाही म्हणत नाही.

काय घ्यावे

योगा मॅट सगळ्यात सोयीची, हलकी आणि पाणी न शोषणारी. वजू करून ओल्या पायांनी बसले तरी चालते. पण ६ मिलिमीटरची मॅट खुब्याला काहीच आधार देत नाही. तिचे काम फक्त खडी आणि धग अडवणे. १० मिलिमीटरच्या आसपासची मिळाली तर तीच घ्यावी.

हवेच्या गाद्या दिसायला मोहक. घडी केल्यावर पिशवीत मावतात. त्यांचा त्रास असा की लोक त्या ढोलकीसारख्या टम्म भरतात आणि मग रात्रभर घसरत राहतात. हवा थोडी कमी ठेवावी. कुशीवर झोपल्यावर खुबा जमिनीला लागता लागता राहील एवढीच. खडीवर भोक पडण्याची भीती असते, म्हणून खाली मॅट हवीच. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने तोंडाने हवा भरण्याच्या भानगडीत पडू नये. झडप उघडली की आतला फोम स्वतःच हवा ओढून घेतो, अशा गाद्याही मिळतात. त्या बऱ्या, पण महाग.

कापसाच्या गादीविषयी आपल्याला जिव्हाळा असणारच. महाराष्ट्रात गाद्या भरण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्याच लोकांनी केला, आणि हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरात धनुकलीचा टणत्कार अजून कुणाला तरी आठवत असेल. घरच्या खाटेसाठी नीट पिंजलेल्या कापसाची, टाके घातलेली गादी आजही मला फोमपेक्षा सरस वाटते: घाम शोषते, बसली की पुन्हा पिंजून घेता येते. पण प्रवासात ती जड, आणि एकदा भिजली की वाळता वाळत नाही. हजला ती नको.

राहिला फोम. तो घेताना ‘डेन्सिटी’ विचारावी. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एका घनमीटर फोमचे वजन किती किलो, तो हा आकडा. कमी डेन्सिटीचा फोम पहिल्या रात्री छान वाटतो आणि तिसऱ्या रात्री पापड होतो. ४० च्या आसपासचा घ्यावा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन इंच जाड असा ४० डेन्सिटीचा तुकडा सव्वादोन किलोच्या घरात जातो आणि गुंडाळल्यावर पोत्याएवढा होतो. इथे माझे मत असे की पूर्ण लांबीचा फोम न्यायचीच गरज नाही. भार येतो तो खांद्यापासून खुब्यापर्यंत. पोटऱ्यांखाली मॅट पुरते. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाड एवढा तुकडा कापून घ्यावा. वजन एक किलोच्या आत राहते. त्याला धुता येईल असा सुती खोळ शिवून घ्यावा आणि खोळीला दोन नाड्या लावाव्यात, म्हणजे गुंडाळून बांधता येतो. मिनात तंबूतल्या गादीवर हा तुकडा, मुज्दलिफात खाली मॅट आणि वर हा तुकडा. भारी अंगाच्या माणसाने दीडऐवजी दोन इंचाचा घ्यावा.

उशी हवेची चालेल, अर्धीच भरावी. उताणे झोपणाऱ्याने गुडघ्यांखाली आणि कुशीवर झोपणाऱ्याने दोन्ही गुडघ्यांमध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवली तर कंबरेवरचा ताण लगेच कमी होतो. यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

घरच्या घरी तालीम

निघण्याच्या महिनाभर आधी सलग तीन रात्री हेच अंथरूण घरातल्या फरशीवर घालून झोपून पाहावे. झोप कशी लागते याइतकेच महत्त्वाचे आहे ते फजरला उठता कसे येते. उताण्या अवस्थेतून एकदम उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, मग हातांच्या आधाराने बसावे, मग एक गुडघा टेकून स्टुलावर किंवा काठीवर भार देत उभे राहावे. स्टूल नेणार असाल तर त्याच स्टुलावर सराव करा. तीन रात्रींत कंबर धरली तर ते मिनात कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे. जाडी बदलायला वेळ मिळतो. जमिनीवरून उठणेच जमत नसेल तर घडीच्या टेकून बसायच्या खुर्चीचा किंवा व्हीलचेअरचा विचार आत्ताच करावा आणि गटप्रमुखाच्या कानावर घालावे. खासगी टूरने जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी विचारावे: मिनाच्या तंबूत सोफा आहे की जमिनीवरची गादी?

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, रात्री जाग आणणारी वेदना, यांवर अंथरूण हा इलाज नाही, डॉक्टरांकडे जावे. दुखण्यावर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची पट्टी सोबत ठेवण्याची आपली सवय उन्हाळी हजमध्ये धोक्याची आहे. शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा अनेक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात, मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांना विशेष. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५० च्या वर गेला आणि १,३०० हून अधिक माणसे दगावली. गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

एहराममध्ये झोपताना

आपल्याकडचे बहुतेक हाजी तमत्तू करतात, त्यामुळे ८ आणि ९ च्या दोन्ही रात्री ते एहराममध्ये असतात. पुरुषांनी डोके उशीवर टेकायला हरकत नाही, पण चादर डोक्यावरून ओढून घेता येत नाही. घरी तोंडावर पांघरूण घेऊन झोपायची सवय असेल तर तालमीच्या रात्रींत ती मोडावी. फोमच्या खोळीला आणि उशीला सुगंधी पावडरीत धुऊ नये, अत्तराच्या कपाटातही ठेवू नये. उग्र वासाचा बाम, शिवलेला कमरपट्टा आणि गुडघ्याचा पट्टा यांविषयी आपल्या मस्लकच्या आलिमांना निघण्याआधीच विचारून घ्यावे.

घरात कुणीतरी म्हणेल की हजला जाऊन आराम कसला शोधायचा, त्रासातच सवाब आहे. वाट्याला येणारा त्रास सोसणे वेगळे आणि तो ओढवून घेणे वेगळे. प्रेषित (स.) यांचे स्वतःचे अंथरूण खजुराचे तंतू भरलेले चामड्याचे होते, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. त्या साधेपणाचे भान हवेच. पण त्याच प्रेषितांनी (स.) दोन मुलांच्या खांद्यांवर भार टाकत पायी हजला निघालेल्या वृद्धाला वाहनावर बसायला सांगितले, आणि हजरत सौदा (रजि.) यांना गर्दीआधी मुज्दलिफातून निघण्याची परवानगी दिली.

ही सवलत आजही आहे आणि दुखऱ्या पाठीसाठी ती फोमइतकीच मोलाची आहे. हनफी मतानुसार मुज्दलिफात थांबण्याची वाजिब वेळ पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंतची, पण आजारी, वृद्ध आणि अशक्त माणसांना ती माफ आहे. कोकणातली आपली बहुसंख्य कुटुंबे शाफई. त्यांच्या मते मध्यरात्रीनंतर तिथे थोडा वेळ असणेही पुरते. पती हनफी आणि पत्नी शाफई अशी जोडपी कमी नाहीत. कोण किती वाजता निघणार, कोणाबरोबर निघणार, हे आधी ठरवावे, कारण त्या गर्दीत फोन लागेलच असे नाही.

२०१८ पासून ४५ वर्षांवरच्या महिला मेहरमशिवाय गटाने हजला जाऊ लागल्या. या भगिनींना मॅट आणि फोमची गुंडाळी वाहायला मुलगा सोबत नसतो. गटातल्या दोघी-तिघींनी एक हलकी, चाकांची छोटी ट्रॉली सामायिक घ्यावी, आणि मिनाला निघताना गुंडाळ्यांवर नाव व गटाचा क्रमांक ठळक लिहावा. बॅगा मक्केच्या खोलीत राहतील, पण अंथरूण, उशी, टॉवेल आणि औषधे त्या पाच दिवसांत आपल्याजवळच असावीत.