बाण वाकलाच पाहिजे

पिसांबद्दल या आठवड्यात लिहीन असं म्हटलं होतं. ते पुढच्या खेपेला. मधल्या दिवसांत बार्शीहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आणि ते इतकं नेमकं आहे की त्याला बाजूला ठेवून पिसांकडे वळावंसं वाटेना.

बाई शाळेतल्या मुलांना इंडियन राउंडची तयारी करून देतात. म्हणजे देशी लाकूड-बांबूचं धनुष्य, तसेच बाण, आणि नेम धरायला साइट वगैरे काही नाही. त्यांनी सहा बाण एकाच दुकानातून, एकाच गठ्ठ्यातून आणले. चार नीट जातात, दोन हमखास डावीकडे. बाईंनी प्रत्येक बाणावर पिसांजवळ नंबर घातले. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी हे करावं. मग मुलं बदलून पाहिली, धनुष्य बदलून पाहिलं. कुणीही सोडला तरी तीन आणि पाच नंबरचा बाण डावीकडेच. पण पत्राच्या शेवटी त्यांनी सहज म्हणून एक ओळ लिहिली आहे: वर्गात एक मुलगी डावखुरी आहे, तिच्या हातून तेच दोन बाण उजवीकडे जातात.

ही ओळ वाचली आणि निदान झालं. बाण वाकडे असते तर डावखुरीच्या हातात गेल्यावर त्यांनी बाजू बदलली नसती. नेम चुकत असता तर सगळेच बाण भरकटले असते. धनुर्धराचा हात बदलला की चुकीची बाजू बदलते, याचा अर्थ एकच: त्या दोन बाणांचे दांडे बाकीच्यांपेक्षा ताठ आहेत. तिरंदाज ज्याला स्पाइन म्हणतात, तो या दोघांचा वेगळा आहे.

मागे एकदा स्पाइनचा उल्लेख करून पुढे गेलो होतो. आज तिथेच थांबू.

उजव्या हाताने दोरी ओढणारा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकवतो. धनुष्याला जाडी आहे, त्यामुळे दोरी पूर्ण ओढलेली असताना बाण जवळजवळ सरळ पाहतो, पण दोरी परत धनुष्याकडे येऊ लागली की बाणाचं तोंड अधिकाधिक डावीकडे वळायला हवं. हिशेबाने प्रत्येक बाण डावीकडे गेला पाहिजे. तरी चांगला बाण जिथे पाहिलं तिथे लागतो. अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट एल्मर यांनी 1913 मध्ये या कोड्याला ‘आर्चर्स पॅराडॉक्स’ हे नाव दिलं आणि तिरंदाजीत ते कायमचं रुजलं.

कोडं डोळ्यांनी दिसलं ते 1930च्या दशकात, क्लॅरेन्स हिकमन यांच्या अतिवेगवान छायाचित्रणामुळे. हिकमन हे माझे फार आवडते गृहस्थ. बेल लॅबमधले शास्त्रज्ञ. तरुणपणी रॉबर्ट गॉडार्ड यांच्याबरोबर रॉकेटवर काम केलेलं, आपोआप वाजणाऱ्या पियानोवर काम केलेलं, आणि तिरंदाजीचं वेड असं की धनुष्याच्या पात्यांचं गणित मांडत बसायचे. त्यांच्या चित्रफितींत दिसलं की बाण धनुष्याला वळसा घालून जातो. बोटांवरून सुटताना दोरी सरळ पुढे जात नाही, किंचित बाजूला घसरते. त्या धक्क्याने दांड्याचा मधला भाग आधी धनुष्याकडे दबतो, मग उलट्या बाजूला वाकतो, आणि शेपूट धनुष्यापाशी पोचेपर्यंत पुन्हा हेलकावा घेऊन पिसं न घासता पार होतात. पुढेही काही अंतर हे डोलणं चालूच राहतं, हळूहळू शमत जातं.

दांडा फार ताठ असेल तर हा वळसा पुरा पडत नाही, बाण डावीकडे फेकला जातो. फार लवचीक असेल तर जास्त वाकून उजवीकडे जातो. डावखुऱ्यांनी हे सगळं उलटं वाचायचं. अंगठ्याने दोरी ओढणाऱ्यांनीही उलटंच, कारण त्या पद्धतीत बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला बसतो. आपल्या सोलापूरच्या भुईकोटासाठी निजामशाही आणि आदिलशाही जेव्हा झगडत होत्या, तेव्हाच्या दख्खनी तिरंदाजांची पद्धत हीच, अंगठ्यात कडं घालून ओढायची. जुन्या दख्खनी चित्रांत धनुर्धर दिसला तर बाण कुठल्या बाजूला टेकवलाय ते जरूर पाहा.

इथे पालक नेहमी विचारतात की टीव्हीवर दिसणाऱ्या खेळाडूंना ही कटकट असते का. 2023च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी विश्वविजेते झाले. ओजसने तर अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. ती दोघं खेळतात कंपाउंड. त्यात दोरी बोटांनी सोडत नाहीत, रिलीज नावाच्या यंत्राने सोडतात. दोरी बाजूला जवळजवळ घसरतच नाही, म्हणून बाणाचं आडवं वाकणं फार कमी. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या वेळच्या जागतिक क्रमवारीतल्या दुसऱ्या खेळाडूला 6-0 ने हरवणारा फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्ह खेळतो, तिथे बोटंच असतात. पण रिकर्व्हच्या बाणाला बाजूने टेकू देणारं प्लंजर नावाचं स्प्रिंगचं बटण असतं आणि ते कमी-जास्त दाबून थोडाफार स्पाइन सांभाळता येतो. आपल्या मुलांच्या लाकडी धनुष्याला यातलं काहीच नाही. जी काही जुळवाजुळव करायची ती दांड्यातच. म्हणून माझं ठाम मत आहे की साध्या धनुष्यावर शिकणाऱ्या मुलासाठी बाण धनुष्यापेक्षा जास्त काळजीने निवडावेत. बरोबर जुळलेले सहा बाण आणि सामान्य धनुष्य चालतं. उलट नाही चालत.

आता मोजायचं कसं. बाजारात स्पाइन टेस्टर मिळतो, पण त्याची गरज नाही. एक फळी घ्या. तिच्यावर 26 इंच अंतराने, एका पातळीत, दोन मोठे खिळे ठोका. त्यांवर बाण आडवा ठेवा आणि बरोबर मध्यावर दोन पौंड, म्हणजे 907 ग्रॅम वजन टांगा. किराणा दुकानातल्या काट्यावर पाण्याची बाटली आकड्यासकट तोलून घेतली की वजन तयार. मागे पट्टी उभी करा आणि दांड्याचा मध्य किती मिलिमीटर खाली आला ते पाहा. 660ला त्या मिलिमीटरांनी भागलं की स्पाइन पौंडांत मिळतो. 22 मिलिमीटर वाकला तर 30 पौंड, साडेसोळा वाकला तर 40. लाकडी बाणांसाठी हेच माप चालतं. कार्बन बाणांवर 500, 600 असे आकडे छापलेले असतात ते निराळं माप आहे: 28 इंच अंतर, 1.94 पौंड वजन, आणि वाकणं इंचाच्या हजारांशात. तिथे आकडा मोठा म्हणजे बाण लवचीक, लाकडी बाणांच्या बरोबर उलट. दोन्हींची गल्लत करू नका.

बाण खिळ्यांवर ठेवताना नॉकची, म्हणजे शेपटीला दोरी जिथे अडकते त्या टोकाची, खाच आडवी, जमिनीला समांतर असली पाहिजे. धनुष्यावर दोरी उभी असते म्हणून खाच उभी असते, आणि बाण वाकतो बाजूला. खिळ्यांवर तो खाली वाकणार, तेव्हा खाच आडवी ठेवली तरच आपण खऱ्या वाकण्याची दिशा मोजतो.

बाईंना हे कळवलं. त्यांनी शाळेच्या जुन्या फळ्याच्या चौकटीवर खिळे ठोकून मोजलं आणि फोन केला. चार बाण 22 ते 24 मिलिमीटर. तीन नंबर 17, पाच नंबर 18. म्हणजे चौघांचा स्पाइन 30च्या आतबाहेर आणि या दोघांचा 37 ते 39. मुलांची धनुष्यं हलकी, बाण ओढणंही आखूड, तिथे इतका फरक लपत नाही.

मी त्यांना फोनवरच सांगितलं, आता दोन्ही बाण जागेवरच पाव फेरा फिरवा आणि परत मोजा. त्यांनी फिरवले. 22 आणि 23!

बांबूचे बाण घेतलेल्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही. हे बाण सबंध काडीचे नव्हते. जाड बांबू चिरून, त्याची कामटी रंधून गोल केलेले होते. बांबूची ताकद बाहेरच्या सालीकडच्या धाग्यांत दाट असते, आतल्या बाजूला विरळ. शिवाय हाताने गोल केलेला दांडा थोडा अंडाकृती राहतोच. त्यामुळे एकाच दांड्याला एक ताठ अंग आणि एक मऊ अंग असतं. बनवणाऱ्याने चार बाणांची नॉक मऊ अंग धनुष्याकडे येईल अशी चिकटवली आणि दोघांची ताठ अंग येईल अशी. दांडे सहाही एकसारखेच होते.

लाकडी दांड्यांत रूढ रीत ताठ अंग धनुष्याकडे ठेवण्याची आहे. पण त्याहून महत्त्वाचं, सहाही बाणांत एकच अंग असावं. बाईंच्या धनुष्यांना 30चा स्पाइन जुळतोय, तेव्हा चार चांगल्या बाणांना हात न लावता दोघांनाच त्यांच्या ओळीत आणावं.

हातात कामटीचे बाण असतील तर दुकानातच एक गोष्ट करता येते. दांड्याचं तोंड उजेडाकडे धरून बारीक ठिपके पाहा. एका बाजूला ते दाट दिसतात, ती सालीची बाजू. दुकानदाराने नॉक लावली नसेल तर तुम्ही स्वतः खूण करून घ्या. नॉक लावलेली असेल तर प्रत्येक बाणाची खाच आणि ठिपक्यांची दाट बाजू यांचा मेळ सारखा आहे का तेवढं पाहून सहा निवडा. मग दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा आणि कान द्या. कुरकुर ऐकू आली तर तो बाण परत ठेवा, कितीही सरळ दिसला तरी. तडकलेला बाण दोरीवर फुटला तर तो डाव्या हातात घुसतो.

सबंध काडीचे बाण निवडणार असाल तर पेरं पाहा. नॉकच्या लगेच पुढे एक पेर असलेला दांडा दोरीच्या दणक्याने चिरत नाही. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत बांबू छान वाळतो. मात्र पावसाळ्यात बाण कोपऱ्यात तिरके टेकवून ठेवू नका, वाकतात. आडवे किंवा टांगून ठेवा.

ताठ बाण मऊ करायचा असेल तर बरेच जण पॉलिश पेपरने घासायला बसतात. लाकडाला ते चालतं. बांबूला करू नका, ताकद असलेली सालच निघून जाते. त्याऐवजी टोक जड करा. 100 ग्रेनच्या जागी 125 ग्रेनचं, म्हणजे साडेसहा ग्रॅमऐवजी आठ ग्रॅमचं टोक लावलं तरी बाण सुटताना जास्त वाकतो. आणि बाण आखूड करू नका. इंचभर कापला की तो साधारण पाच पौंडांनी ताठ झाल्यासारखा वागतो. लहान मुलांच्या बाबतीत तर लांब बाण हवाच: मूल वाढतं, ओढ वाढते, आणि आखूड बाण ओढून धनुष्याच्या आत आला तर तो थेट हातावर सुटतो.

पिसं नसलेला बाण मारून पाहायची चाचणी बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. पिसं चुका झाकतात, बिनपिसाचा बाण त्या उघड करतो. तो पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर ताठ, उजवीकडे लागला तर मऊ, खाली लागला तर दोरीवरची नॉकची जागा वर आहे, वर लागला तर ती खाली आहे. पण ज्याचे पिसांचे बाण अजून ताटाएवढ्या जागेतही पडत नाहीत त्याने ही चाचणी करू नये. तिथे हात शिकतोय, बाण काय सांगतोय ते ऐकूच येणार नाही. करायचीच असेल तेव्हा सात-आठ मीटरवरून, मऊ लक्ष्यावर करा. बांबूचा बिनपिसाचा बाण तिरका शिरला तर कडक लक्ष्यात मोडतो. टॉवेल-चादरींच्या कारखान्यांतल्या चिंध्या ठासून भरलेलं पोतं यासाठी उत्तम, आणि या गावात चिंध्यांना तोटा नाही. पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी शेपटीला गुंडाळायला विसरू नका. शेपूट धनुष्याला घासत असेल तर निकाल खोटा येतो. शंका आली तर शेपटीला टाल्कम पावडर लावा आणि धनुष्यावर पट्टा उमटतो का पाहा.

बाईंच्या दोन बाणांचं काम मात्र अजून अर्धंच झालंय. नॉक प्लास्टिकची आहे, ती गरम पाण्यात मऊ करून काढता येईल आणि पाव फेरा फिरवून परत चिकटवता येईल. पण तीन पिसांपैकी एक पीस खाचेला काटकोनात, धनुष्यापासून दूर असतं. नॉक फिरली की ते पीस खाचेच्या ओळीत येतं, आणि उरलेल्या दोनांतलं एक धनुष्याच्या अंगावर आपटतं. म्हणजे पिसं उतरवून नव्याने लावणं आलं, आणि ती सगळी एकाच पंखाची, उजव्या नाहीतर डाव्या, असली पाहिजेत. ते कसं करायचं हे पुढच्या आठवड्यात. तोवर बाईंनी तीन आणि पाच नंबर बाजूला ठेवावेत, आणि बाकीच्यांनी फळीवर खिळे ठोकून आपापल्या बाणांचे मिलिमीटर मला कळवावेत, खाच आडवी ठेवून आणि पाव फेरा फिरवून, असे दोन्ही.